बारीक आवाजांची हजेरी

मी निघाले त्या दिवशी अण्णांनी पाखरांची हजेरी घेतली नाही. फाल्गुन होता, शेवगा फुलांनी लगडला होता, आणि एरवी या दिवसांत सकाळी साडेसहाला अंगणातल्या बाजेवर चहाचा पेला घेऊन बसलेला माझा बाप त्या दिवशी माझ्या दोन बॅगांना सुतळी गुंडाळत होता. बॅगांना चेन होती, आकड्यांचं कुलूप होतं, तरी वरून सुतळी. "इमानात लय फेकाफेकी करत्यात," ते म्हणाले. फौजेच्या मालवाहू विमानातून ते एकदाच लेहला गेले होते. तेवढ्या अनुभवावर त्यांनी जगातल्या सगळ्या विमानांविषयी मत बनवून टाकलं होतं.

कवठे महांकाळच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती. तिथून पुढे मुंबई, आणि मुंबईहून लीड्स. भाऊ नितीन कुपवाडच्या कारखान्यातून रजा टाकून आला होता, त्याने बॅगा वर चढवल्या. आई स्टँडवर आली नाही. म्हैस व्यायला झाली होती, तिला सोडून कसं येणार. तिने घरीच भाकरी-चटणी बांधून दिली, "वेळंवर जेव" म्हणाली आणि गोठ्यात गेली. गाडी हलायला लागली तेव्हा अण्णा खिडकीखाली चालत आले. मला वाटलं, जपून राहा वगैरे म्हणतील. ते म्हणाले, "तिकडं काय काय ऐकाय येतंय त्ये कळीव, मने."

मी हो म्हणाले. मिरज येईपर्यंत रडले, आणि मग तिथल्या फाटकाजवळ मला भूक लागली. माणसाचं असंच असतं.

हजेरी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. अण्णा तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर होऊन आले तेव्हा मी सात वर्षांची होते. येताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक आणली, काळं घोंगडं आणलं, आणि अर्धे कान तिकडेच ठेवून आले. जाड आवाज त्यांना चांगले ऐकू यायचे: विहिरीवरचा पंप, म्हशीचं हंबरणं, कावळा, होला, भावकीतली भांडणं. बारीक आवाज मात्र पार गेले होते. कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही, सायकलची घंटी ऐकू यायची नाही. आमचं घर गावाबाहेर मळ्यात. मळा म्हणायचं एवढंच, बाकी सगळी पावसावरची ज्वारी. तिथे माणसांपेक्षा पाखरं जास्त, आणि वसंतात तर त्यांची जत्राच. अण्णांची नजर घारीची होती, झाडावर बसलेलं पाखरू त्यांच्या डोळ्यांतून सुटायचं नाही. पण पानांत दडून बारीक गाणारं जे असतं, ते त्यांच्यासाठी नव्हतंच. ते शोधायला त्यांना मी लागायची.

तोफखान्यात त्यांचं काम तोफ डागायचं नव्हतं, बघायचं होतं. एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं होतं. "तोफंला डोळं नसत्यात, मने. ती असती डोंगराच्या अल्याड. कुणीतरी म्होरं जाऊन बसायचं, दुर्बीण लावायची, गोळा कुटं पडला त्ये बघून मागं कळवायचं."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर न्हाई दिसलं म्हनायचं. अंदाजानं बोललं की आपलीच मानसं मरत्यात."

हाच नियम त्यांनी हजेरीला लावला होता. बाजेवर ते, शेजारी पोत्यावर मी. दिसणारी पाखरं ते स्वतः मोजायचे. तारेवरचे वेडे राघू चार, हाजिर. कुंपणावरचा बुलबुल, हाजिर, पण उशिरा आला म्हणून त्याला एक दिवस बिनपगारी. मग मान माझ्याकडे वळायची. "शेवग्यावर कोन?" मी डोळे मिटून ऐकायची. शेवग्याच्या फुलांत एक अंगठ्याएवढं पाखरू यायचं, निळंकाळं चमकणारं, वाकडी चोच फुलात घालणारं. त्याला आमच्याकडे फुलचुकी म्हणतात. पुस्तकात शिंजीर म्हणतात हे मला पुढे कळलं. तिचा आवाज सुईसारखा बारीक. मी सांगायची, "फुलचुकी." मग अण्णा कवायतीच्या आवाजात ओरडायचे, "फुलचुकी?" आणि फुलचुकीच्या वतीने मी ओरडायची, "हाजिर!" काही दिवस शेवगा गप्प असायचा. मला फार वाटायचं की काहीतरी सांगावं, त्यांना बरं वाटेल. पण मी "काही ऐकू येत नाही" म्हणायची, आणि ते मान डोलवायचे. त्या मान डोलवण्यात मला शाबासकी वाटायची.

चैत्र लागला की भोरड्या जायच्या. थंडीत ज्वारी खायला आलेले ते हजारोंचे थवे एका संध्याकाळी आभाळात गोळा व्हायचे, दोन दिवस गलका करायचे आणि तिसऱ्या दिवशी एकही नसायची. "कुठं जातात?" मी विचारायची. "लांब. थंड मुलकात. ततं त्यांचं घर हाय." "मग इथं कशाला येतात?" "खायाला, बाई. दुसरं काय." पुढे मी लीड्सला गेल्यावर त्यांना हे आठवत असणार. कारण पहिल्याच फोनवर म्हणाले, "तुजं उलटंच झालं. तू खायाला थंड मुलकात गेलीस."

गावात मला हवालदाराचा कान म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण मी चिडत नसे. मिरजेला लॅबच्या कोर्सला गेले तरी सुट्टीत घरी आले की साडेसहाला पोत्यावर हजर असायची. त्या सगळ्या वर्षांत आई कुठे होती असं कुणी विचारलं तर मला आठवून सांगावं लागेल. ती आमच्याकडे पाठ करून गोठ्यात धार काढत असायची. कधीतरी तिथून काहीतरी ओरडायची, आम्ही हजेरीत असायचो, आमचं लक्ष नसायचं.

लीड्सला मी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासते. पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना दुहेरी काच, भिंतीला रेडिएटर. बाहेर बर्फ पडलं तरी आवाज नाही, पाऊस पडला तरी आवाज नाही. मला सुरुवातीला वाटायचं, आपलेच कान बिघडले. आपल्यापैकी जे जे गेलेत त्यांना ही शांतता माहीत असेल. माणूस टीव्ही लावून ठेवतो, बघत नाही, नुसता लावून ठेवतो.

मग पहिला फाल्गुन आला आणि एका दुपारी बरोबर साडेबाराला अण्णांचा मिस्ड कॉल आला. माझी जेवणाची सुट्टी कधी असते ते त्यांनी नितीनकडून काढून घेतलं होतं. तिकडे संध्याकाळचे सहा. इतक्या वर्षांची सकाळची हजेरी त्यांनी माझ्या डब्याच्या वेळेवर आणून ठेवली होती. मी उलटा फोन लावला. "हां, ऐक आता," ते म्हणाले, आणि गप्प झाले. माझ्या लक्षात आलं की त्यांनी फोन हात वर करून शेवग्याकडे धरलाय. त्यांचा तो साधा बटणांचा फोन. त्याच्यातून सगळं यायचं. पंप यायचा, आईची भांडी यायची, कुणाची तरी शेळी यायची, वारा यायचा. आणि त्या सगळ्या गदारोळात, टाचणी पडावी तसं, चिविट चिविट. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत ओरडले, "फुलचुकी!" शेजारची मार्टा, पोलंडची, दचकून सँडविच खाली ठेवून बघायला लागली.

"हाजिर," तिकडून अण्णा म्हणाले.

ते दिवस मला फार आवडतात. मार्चअखेर इकडे घड्याळ एक तास पुढे जातं. अण्णांना ते पटेना. "सूर्याला इचारलं का त्येंनी?" साडेबाराचा फोन आता तिकडे पाचला जाऊ लागला, उन्हात पाखरं गप्प. मग मी माझ्या सुपरवायझरबाईला सांगून एप्रिलपासून सुट्टी दीडची करून घेतली. कारण काय, तिने विचारलं. मी सांगितलं, फॅमिली मॅटर. दर वसंतात दीड-दोन महिने रोज बारा मिनिटं मी घरी असायची. बाकीचा दिवस मी इथली होते, पण ती बारा मिनिटं नाही. मला वाटायचं मी गेले खरी, पण अण्णांचे कान काही नेले नाहीत, लांबून का होईना ते चालू आहेत. या गोष्टीचा मला गर्व होता. आता लिहून टाकते.

सहा वसंत असे गेले. मग मी ती चूक केली.

चूक अशी की मी त्यांना नवा फोन दिला. दिवाळीत घरी गेले होते तेव्हा सोबत नेला, चांगला महागातला, मोठ्या काचेचा. व्हिडिओ कॉल करता येईल, तुमचं तोंड दिसेल, असं मी म्हणाले. अण्णांनी तो फोन अख्ख्या गावाला दाखवला. पारावर, दूध संघात, न्हाव्याच्या दुकानात. "मनीनं दिला. सातासमुद्रापल्याडनं आवाज येतो तर शेजारी बसल्यागत." आणि खरंच यायचा. त्यांचा आवाज इतका स्वच्छ यायचा की श्वास ऐकू यायचा. व्हिडिओ मात्र मळ्यातल्या रेंजवर कधी चालला नाही.

फाल्गुनात पहिल्या दिवशी त्यांनी फोन लावला, "ऐक" म्हणाले, हात वर धरला. आणि मला काहीच ऐकू आलं नाही. पंप नाही, भांडी नाही, शेळी नाही. लीड्सच्या खिडकीसारखी शांतता. त्या फोनला शिकवून ठेवलेलं असतं की माणसाचा आवाज तेवढा कामाचा, बाकी सगळा कचरा, तो गाळून टाकायचा. हे मला चार दिवसांनी समजलं. पण पहिल्या दिवशी अण्णा हात वर करून उभे होते, विचारत होते, "कोन हाय गं?" माझ्यासमोर तपासायच्या नळ्यांचा ट्रे होता, दोन माणसं आजारी म्हणून रजेवर होती, आणि तो फोन त्यांनी अख्ख्या गावाला दाखवला होता. फाल्गुन आहे, शेवगा फुललेला असणार, संध्याकाळ आहे. मी म्हणाले, "फुलचुकी."

"हाजिर!" अण्णा केवढ्यांदा म्हणाले.

पहिल्यांदा खोटं बोलताना माणसाला काहीतरी टोचतं म्हणतात. मला टोचलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यात मीठमसाला घातला, "आज घसा बसलाय तिचा." अण्णा हसले. चौथ्या दिवशी कारण कळलं तेव्हा खरं सांगायला काय हरकत होती? अण्णा, या फोनातून पाखरं येत नाहीत, तो जुना काढा. एवढंच वाक्य. कुठेतरी एक बटण असतं, ते बंद केलं की बाहेरचे आवाज येतात, हेही मला मार्टाने सांगितलं होतं. मी ते शोधलं नाही. खोटं सांगायला दोन मिनिटं लागायची, आणि खऱ्याला बारा. मग ती दहा मिनिटं माझी मला उरायची, आणि मला ती हवी होती. हे मी इतक्या उघड कधी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे तर मी अगदी तयार झाले. महिन्याप्रमाणे पाखरं ठरलेली. फाल्गुनात फुलचुकी, चैत्रात शिंपी, मध्येच एखादा दिवस "काही नाही" म्हणायचं, म्हणजे खरं वाटतं. एका हाताने रिपोर्ट टाईप करत, फोन खांद्यात धरून, मी माझ्या बापाला त्याच्याच अंगणातली पाखरं सांगत होते.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रातला एक दिवस मला आठवतो, कारण तो नंतर आठवावा लागला. त्या दिवशी मशीन बंद पडलं होतं आणि सगळे माझ्यावर ओरडत होते. फोन वाजला. अण्णांनी अजून तोंड उघडलं नव्हतं तोवर मीच म्हणाले, "अण्णा, शेवग्यावर फुलचुकी आहे, आज लय जोरात आहे, मी नंतर करते हां." तिकडे जरा वेळ काही नव्हतं. मग म्हणाले, "बरं. हाजिर." मी फोन ठेवला. नंतर केला नाही.

ते माघात गेले. सकाळी दूध घालून आले, बाजेवर बसले आणि गेले. नितीनचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. मी पोचले तिसऱ्या दिवशी, राख सावडून झालेली होती. अंगणात मांडव, माणसं, चुलत्यांच्या खुर्च्या. मी दारात बॅग ठेवली आणि पहिली नजर गेली ती शेवग्याकडे. तिथे शेवगा नव्हता. कमरेएवढा बुंधा होता, आणि त्याच्या कडेने हाताएवढ्या फांद्या फुटलेल्या.

"नितीन, शेवगा कवा तोडला?"

"तोडला न्हाई, मोडला. गेल्या चैतात वारं सुटलं हुतं न्हवं. तुला सांगितलं न्हाई का अण्णांनी? त्या दिशी तुला सांगाय म्हनून तर लगेच फोन लावला त्येंनी."

मी म्हणाले, सांगितलं असेल, विसरले असेन. आणि आत जाऊन आईच्या गळ्यात पडले. बायकांना वाटलं मी बापासाठी रडतेय. मी बापासाठीच रडत होते, पण त्यांना वाटलं तशी नाही. मोडून पडलेल्या झाडावर मी पाखरू बसवलं होतं, आणि ते पडलेलं झाड समोर बघत त्यांनी त्याला हाजिर म्हटलं होतं.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं हलत नाहीत. शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी मनात राहिलंय समजतात, मग एकेकजण पुढे होऊन हात जोडून कबुली देतो: पोरांना बघू, जमीन विकणार नाही, अमक्याशी बोलणं सुरू करू. ज्याचं जे असेल ते सांगायचं, सगळ्यांसमोर. मला सात दिवस झोप नव्हती. मी ठरवलं होतं की कावळा येणार नाही, आणि मी पुढे होईन आणि सांगेन. अण्णा, मी खोटं बोलले, दोन वर्षं, रोज. चुलते ऐकोत, भावकी ऐको, गाव ऐको. वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती. पदर कमरेला खोचून मी पुढच्या रांगेत उभी राहिले होते.

भटजी पिंड ठेवून चार पावलं मागे सरले, आणि बाभळीवरून कावळा सरळ खाली आला. पाठोपाठ दुसरा. कुणाला हात जोडायलाही वेळ मिळाला नाही. "फौजी मानूस, टायमाला पक्का," कुणीतरी म्हणालं. "कशात जीव नव्हता अडकला. भाग्यवान." सगळ्यांना बरं वाटलं, माणसं चपला शोधायला लागली. माझ्या घशात ती वाक्यं तशीच राहिली. त्यांना माझ्याकडून काहीच नको होतं, खरंसुद्धा नको होतं, असं मला वाटलं, आणि मी खोचलेला पदर सोडला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी आणि आई अंगणात बसलो. बाजेवर कुणी बसलं नाही, आम्ही दोघी ओसरीच्या पायरीवर. मी आईला सांगितलं. सगळं नाही सांगता आलं, फोनचं आणि फुलचुकीचं तेवढं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला नाही.

"त्यास्नी ठावं हुतं," ती म्हणाली.

"शेवगा मोडल्यापासनं?"

"न्हाई. पैल्या दिसापासनं."

तिने सूप खाली ठेवलं. आईला मी इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तू गेलीस त्या फागुनात त्येंनी मला इचारलं, शेवग्यावर कोन हाय, तुला ऐकाय येतंय का गं? लगीन होऊन तीस वर्सं झाली हुती. तवा पैल्यांदा इचारलं. मी म्हनलं, कान माजंबी हायत की. गोठ्यातनं किती डाव मी तुमास्नी वरडून सांगायची, कुंपनावर शिंपी आलाय म्हनून. तुमी दोगं कवा ऐकलासा? तवापासनं रोज मी सांगायची. आदी मी सांगायची, मग त्ये तुला फोन लावायचं."

"मग मला कशाला विचारायचे?"

आईने माझ्याकडे तशी नजर टाकली, जशी मी लहानपणी दुधाचं भांडं पालथं केलं होतं तेव्हा टाकली होती. "तुला काय पाकरासाटी फोन करत हुतं व्हय?"

मग आई सांगत गेली. जुन्या फोनवर मी अचूक सांगायची तेव्हा अण्णा आईकडे बघून बोटाने खूण करायचे, बघ, पोरीचं बरोबर आलं. नव्या फोनवर मी चुकायला लागले. शिंपी ओरडत असायचा आणि मी फुलचुकी सांगायची. झाड मुकं असायचं आणि मी घसा बसल्याचं सांगायची. आई म्हणाली, "मी म्हनलं सांगा तिला, चुकतीया म्हनून. तर म्हनलं, ऱ्हाऊ दे. पाकरू खोटं असलं तरी आवाज तिचाच हाय न्हवं."

मी विचारलं, "राग नाही आला त्यांना कधी?"

मला वाटतं मला ती नाही म्हणायला हवी होती. आई खोटं बोलत नाही. "शेवगा मोडला त्या दिशी आला. जेवलं न्हाईत रात्ची. ‘अंदाजानं बोलाय लागली पोरगी’ म्हनलं आनि भिताडाकडं तोंड करून निजलं." मग सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाली, "दुसऱ्या दिशी टायमाला फोन घिऊन बसलंच की."

दिवस झाल्यावर मी परत आले. येण्याआधी त्या फोनातलं बटण शोधलं. साडेतीन मिनिटं लागली. आईला फोन कसा धरायचा ते दाखवलं. नितीन तिला कुपवाडला चल म्हणतो, ती जात नाही. म्हैस आहे म्हणते. म्हैस आता विकलेलीच बरी, पण आम्ही कुणी तसं म्हणत नाही.

फाल्गुन लागला तेव्हा साडेबाराला फोन वाजणार नाही हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी मी डबा उघडला नाही. मार्टाने विचारलं, आज ओरडणार नाहीस का? दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला. आईने उचलला, न सांगता हात वर केला असणार, कारण ती गप्प झाली. मी कान दाबून धरला. बटण बंद केलं होतं तरी काही येईना. मध्ये कुठेतरी आणखी एखादी चाळणी असेल, काही दिवस येतं, बरेच दिवस येत नाही.

"कोन हाय?" आईने विचारलं.

माझ्या तोंडात फुलचुकी आली होती. सवयच ती. मी ती गिळली आणि म्हणाले, "मला काही ऐकू येत नाही, आई."

"कायच न्हाई?"

"काहीच नाही."

"मग थांब," ती म्हणाली. "म्या ऐकती आनि तुला सांगती." आणि ती ऐकायला लागली. तिकडे माझी आई मान वर करून उभी, इकडे मी स्टाफरूममध्ये, मधे आवाज नाही. मग ती एकेक सांगत गेली. कुंपणावर शिंपी. तारेवर वेडे राघू, तीन का चार, तिला नीट दिसत नाही, डोळे आता अधू झालेत. बुंध्याला फुटलेल्या फांदीवर अजून कुणी नाही, फुलंच नाहीत तर येणार कोण.

आपल्यातले जे मागे राहिलेत ते विचारतात, घरी कधी येणार. जे माझ्यासारखे गेलेत ते विचारत नाहीत, त्यांना माहीत असतं. पत्ता विचारलात तर मी दोन्ही सांगेन, पोस्टाला दोन्ही चालतात. पण माझं घर म्हणजे आता आईच्या कानांत जेवढं शिरतं तेवढंच. ती एक दिवस थकेल, कुपवाडला जाईल, मग तेवढंही नाही. तोवर मी रोज फोन करते. ऐकू आलं तर आलं म्हणते, नाही आलं तर नाही म्हणते. आईला मी रोज खरं सांगते. अण्णांना एकदाच सांगायचं होतं, आणि त्यासाठी माझ्याकडे दोन वसंत होते, रोज बारा मिनिटं.